मल्हारीमामांचा नकाशा

मल्हारीमामा रंगारी जागा बघायला जाताना मोजायची दोरी नव्हे, तपेलं नेत. नव्या वसाहतीतल्या विहिरीचं पाणी काढायचं, तीन दगडांवर मंजिष्ठ उकळायची आणि तुरटी लावलेली चिंधी तीत बुडवायची. लाल रंग स्वच्छ उतरला नाही की जागा रद्द. "इथं बेडा," म्हणायचे. आमच्या म्हैसुरी मराठीत 'नको'पेक्षा 'बेडा' जास्त पक्कं.

मी एकदा विचारलं, घर राहायला घ्यायचंय की लुगडी रंगवायला?

"रंग नासवणारं पाणी रक्त सोडेल होय रे?"

असे तीन प्लॉट नाकारले. पहिल्या दिवशी ओव्हरसियरला वाटलं, मंडळी वनभोजनाला आलीत. मला मात्र संताप येई. प्लेगवर पत्रकं लिहून गल्लोगल्ली वाटणारा मी. 'अंधारी घरं सोडा' असं ठणकावून छापलेलं. सरकारनं गावाबाहेर मोकळी जमीन आखून दिली, आणि हा माणूस चिंध्या वाळवत बसलेला!

मंगळवारी आमच्या गल्लीत उंदीर मरून पडले. शनिवारपर्यंत जागा ठरवून नकाशा दिला नाही, तर मामांचा प्लॉटवरचा हक्क जाणार होता. घरात त्यांची दहा वर्षांची लेक, गंगू. तिची आई मागच्या साथीत गेलेली. मामा आता पायांखाली बघूनच चालत. भिंतीत जरा खुडबुडलं की गंगूला उचलून अंगणात.

शुक्रवारी चौथ्या विहिरीनं लाल रंग दिला. मग मामांनी घरही चिंधीवरच काढलं, लुगड्याच्या काठाच्या काळ्या रंगानं. माळा नाही, कोठी नाही, छताला फळ्या नाहीत. तांदूळ कुठे ठेवणार म्हटलं, तर दोरीला टांगीन. प्रत्येक खोलीला दोन दारं.

"एकातून तो आला तर दुसऱ्यातून आपण."

'तो' म्हणजे उंदीर. नाव घेत नसत.

कचेरीला नकाशा कागदावर हवा होता. शनिवारी सकाळी मी उतरवायला बसलो. मागल्या खोलीची खिडकी पार जमिनीला टेकलेली. मी ती छातीइतकी वर घेतली. मामांनी माझा हात धरला.

"खालीच असू दे."

मी चिडलो. म्हटलं, मग उंदरांना अक्षताच धाडा.

ते हसले नाहीत. गंगू बाहेर आहे ना, बघून हळू बोलले, "दुहेरी जाळी लावीन. छावणीत हिच्या आईच्या शेडची खिडकी वर होती. तिला उठवत नव्हतं, मला आत सोडत नव्हते. तीन दिवस भिंतीशी बोललो. आता मला झालं तर मी त्या खोलीत निजेन. गंगूनं लांब अंगणात बसायचं. पण पोरीला तोंड दिसलं पाहिजे गा."

रोग्याला छावणीत पाठवा, हेही मीच छापलं होतं. मामींना न्यायला माणसं आली, तेव्हा त्यांना घर दाखवायला पुढे मीच होतो.

मी वरची खिडकी खोडली आणि विचारलं, जमिनीपासून किती?

मामा तिथंच फरशीवर कुशीवर आडवे झाले आणि डोळ्यांसमोर बोट धरलं. मी पट्टी लावून मोजलं.