निळ्या झग्यातली बायको

"हजार बायकांत उभी करा, माझी बायको मी डोळे मिटून ओळखेन!" अर्धे डॉक्टर म्हणाले आणि खोकल्याच्या औषधाची बाटली त्यांनी गल्ल्यावर अशी ठेवली, की जणू न्यायाधीशानं हातोडाच आपटला.

अर्धे डॉक्टर म्हणजे चौकातल्या औषधाच्या दुकानाचे मालक. डॉक्टर ते नव्हतेच. पण कुणी डोकं धरून दुकानात शिरलं, की आधी "जीभ दाखवा बघू" म्हणायचे, म्हणून लोकांनी त्यांना हे नाव बहाल केलेलं. खरे डॉक्टर होते समोरच्या इमारतीत. आणि आत्ता गल्ल्यासमोर उभे राहून ही बढाई ऐकत होते ते तेच खरे डॉक्टर!

विषय होता अर्ध्या डॉक्टरांच्या बायकोचा. ती दिवसा विम्याच्या कचेरीत नोकरी करायची आणि संध्याकाळी एका हौशी मंडळीत गायची. त्या मंडळीनं गेल्या वर्षी एक संगीत नाटक बसवलं होतं. त्याच्या शेवटच्या खेळाला कॅमेरे लावून अख्खं नाटक टिपून घेतलेलं. आणि आता ते चक्क सिनेमागृहात लागणार होतं!

"म्हणजे सिनेमा काढला?" खऱ्या डॉक्टरांनी विचारलं.

"सिनेमा नव्हे हो! नाटकच. पण सिनेमाच्या पडद्यावर. नाट्यगृहात नट कसा, काडेपेटीएवढा दिसतो. इथे त्याच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसतो, घाम!"

"घाम मी दवाखान्यात रोज बघतो."

"पण आमच्या घरातल्या माणसाचा नाही ना बघितलात? रविवारी दुपारी यायचंच! अख्खी रांग घेतलीय मी!"

आता अख्खी रांग घेतली म्हटल्यावर खरे डॉक्टर यायला कबूल झाले.

घरी बायको मटार सोलत बसली होती. बातमी ऐकून तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"अहो, कशाला एवढी माणसं गोळा केलीत? माझी सगळी मिळून एक ओळ आहे!"

"एक असली म्हणून काय झालं? पण काय ओळ!"

"कोणती?"

अर्धे डॉक्टर खोकले. स्वतःच्या दुकानातल्या कुठल्याच औषधानं बरा होणार नाही असा तो खोकला होता.

"तुझ्या गळ्यातून आलेली!" ते म्हणाले.

बायकोनं त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं. "तुम्ही आला होतात ना त्या खेळाला?"

"आला होतात म्हणजे? दुसऱ्या रांगेत होतो! शेवटी सगळ्यांत जोरात टाळ्या कुणी वाजवल्या, विचार तुझ्या मंडळींना!"

हे अगदी खरं होतं. त्या दिवशी त्यांच्याएवढ्या जोरात टाळ्या कुणीच वाजवल्या नव्हत्या. मात्र पहिल्या घंटेपासून त्या टाळ्यांपर्यंत मध्ये नेमकं काय घडलं, ते त्यांना नीटसं आठवत नव्हतं. याचं कारण भावनावेग, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं आणि वर्षभरात त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता.

"मला ना, एकदा बघायचंय," बायको शेंग सोलत हळूच म्हणाली. "गाताना डोळ्यांवर दिवे असतात. आपण कसे दिसतो, कसे ऐकू येतो, काही कळत नाही. आमचे दिग्दर्शक म्हणत होते, तुमच्या ओळीला कॅमेऱ्याची खास गंमत केलीय म्हणून."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" अर्धे डॉक्टर म्हणाले. त्यांनी असं काहीच म्हटलं नव्हतं.

रविवारी दुपारी रांग भरली. एका टोकाला खरे डॉक्टर. त्यांच्या शेजारी अर्ध्या डॉक्टरांची थोरली बहीण, आक्का. आक्का भावाच्या कुठल्याही वाक्याला "बरोब्बर!" म्हणायच्या, मग त्यानं तोंड उघडलं असो वा नसो. मग अर्धे डॉक्टर, त्यांची बायको आणि दुसऱ्या टोकाला सासूबाई, म्हणजे बायकोची आई. सासूबाईंना कमी ऐकू यायचं, त्यामुळे आपलं कुजबुजणं किती लांब जातं याचा त्यांना अंदाज नव्हता.

अंधार झाला. पडद्यावर नाट्यगृह दिसायला लागलं. लाल पडदा, वाद्यवृंद आणि अगदी खालच्या कडेला तिथल्या प्रेक्षकांची काळी काळी डोकी.

"अहो टक्कलवाले! डोकं खाली घ्या!" सासूबाई कुजबुजल्या. थिएटरात सगळे वळून बघू लागले.

"आई, ते डोकं पडद्यावरचं आहे," बायकोनं त्यांच्या कानाशी सांगितलं.

"कुठलं का असेना! दिसत नाही म्हटल्यावर खाली घ्यायला नको?"

तेवढ्यात पडद्यावरच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मग इथल्या प्रेक्षकांना प्रश्न पडला, की आपणही वाजवायच्या का? वाजवाव्यात तर नट इथे नाहीत, आणि न वाजवाव्यात तर समोरचे लोक आपल्याला अरसिक म्हणतील! काहींनी दोन-दोन वाजवल्या आणि हात मांडीखाली दडवले.

लाल पडदा सरकला. राजवाड्याची बाग. निळे झगे घातलेल्या मुलींचा एक थवा गात गात आत आला. अर्धे डॉक्टर खुर्चीत असे ताठ झाले, की त्यांना मागून कुणी टाचणी टोचली असावी. क्षणाचाही विलंब न लावता त्यांनी बोट रोखलं.

"ती! डावीकडून दुसरी! तीच ती!"

"बरोब्बर!" आक्का म्हणाल्या.

खऱ्या डॉक्टरांनी चष्मा पुसून पाहिलं. डावीकडून दुसरी मुलगी भिंगरीसारखी फिरत होती. कंबर अशी, की दोन हातांच्या चिमटीत मावावी. "वा!" ते म्हणाले. "वहिनी, मानलं तुम्हाला!"

"अहो," बायको नवऱ्याच्या कानाशी लागली, "ती मी नाही."

"लाजू नकोस गं!"

"लाजत नाहीये. ती खरंच मी नाही."

"अगं, तू स्वतःला कधी लांबून बघितलंयस का? नाही ना? मी रोज बघतो. मला सांगू नकोस!"

बायकोनं पुन्हा पडद्याकडे तोंड केलं. अर्ध्या डॉक्टरांना मात्र चेव चढला. निळी मुलगी हसली की ते म्हणत, "हे हसू बघा, सकाळी चहा देताना असंच असतं!" ती फिरली की म्हणत, "स्वयंपाकघरातही अशीच भिरभिरते!" तिनं राजपुत्राकडे तिरका कटाक्ष टाकला, तेव्हा मात्र ते जरा अस्वस्थ झाले. "हे नाटकापुरतं आहे," त्यांनी खऱ्या डॉक्टरांना खुलासा केला. मग निळ्या मुलीनं राजपुत्राच्या गळ्यात हात टाकले, तेव्हा त्यांनी रोखलेलं बोट हळूच खाली घेतलं.

"पोरीनं हे मला सांगितलं नव्हतं हं!" सासूबाई अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजल्या.

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ वळून म्हणाले, "आजी, जरा हळू."

"अहो, त्यांची मुलगी आहे ती!" अर्धे डॉक्टर अभिमानानं म्हणाले. "निळ्या झग्यातली! माझी बायको!"

गृहस्थांनी आदरानं मान हलवली आणि आपल्या बायकोला सांगितलं. तिनं शेजारणीला सांगितलं. बातमी रांगारांगांतून अशी सरकली, जसं उतारावर सांडलेलं दूध. थोड्याच वेळात अर्धं थिएटर मागे वळून अर्ध्या डॉक्टरांच्या बायकोकडे बघू लागलं. ती अंधारात पदर नीट करत बसली होती, आणि तिची कंबर चिमटीत मावेल असं बघणाऱ्यांपैकी कुणालाच वाटलं नाही.

"मेकअपची कमाल असते हो," कुणीतरी म्हणालं.

एवढं झाल्यावर बायकोला राहवलं नाही. तिनं नवऱ्याचं बोट धरलं, पडद्यावरच्या गर्दीतून ओढत अगदी उजव्या कोपऱ्यात नेलं आणि थांबवलं. तिथे वेशीच्या दारापाशी एक शिपाई भाला धरून उभा होता. डोक्यावर शिरस्त्राण, आणि नाकाखाली झुबकेदार मिशी.

"तो कोण?" अर्ध्या डॉक्टरांनी विचारलं.

"मी."

"काय?"

"पुरुष कमी पडले होते. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच शिपाई आहे. एकदाही जागचा हललेला नाही!"

अर्ध्या डॉक्टरांनी शिपायाकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं. परत शिपायाकडे. "मिशी... मिशी छान आहे," ते कसंबसं बोलले.

"तुम्ही आला होतात ना त्या खेळाला?" बायकोनं दुसऱ्यांदा विचारलं. या वेळी आवाज मटार सोलतानाचा नव्हता.

"दुसऱ्या रांगेत होतो!"

"मग मिशी कशी नाही दिसली?"

उत्तर द्यायची वेळ आली नाही, कारण पडद्यावर पहाट झाली. गाणी थांबली. वाद्यं एकेक करून मुकी झाली. सगळं नगर झोपलेलं, आणि वेशीपाशी एकटा शिपाई जागा. बायकोनं खुर्चीचा हात घट्ट धरला. "आता," ती श्वास रोखून म्हणाली. "माझी ओळ."

कॅमेरा शिपायाच्या दिशेनं सरकू लागला. शिरस्त्राण मोठं झालं, मिशी मोठी झाली, ओठ हलायला लागले. आणि नेमक्या त्या क्षणी चित्र बदललं!

अख्ख्या पडद्यावर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एकच चेहरा आला. प्रेक्षकांतला. दुसऱ्या रांगेतला. मान मागे टाकलेली, डोळे मिटलेले आणि तोंड एवढं उघडं, की त्यात रिक्षा उभी करता यावी! दाढेत भरलेलं सिमेंट स्पष्ट दिसत होतं. आणि त्या उघड्या तोंडातून, खणखणीत सुरात, बायकोचा आवाज आला:

*"नगरजन हो, रात्र सरली, कोण निजे हा अजुनी?"*

आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग जो काही हशा उसळला! पडद्यावरच्या प्रेक्षकांच्या टाळ्या त्यात बुडून गेल्या. ही दिग्दर्शकाची खास गंमत! "कोण निजे" म्हटल्यावर त्याला प्रेक्षकांत हवा तसा माणूस आयता सापडला होता. शिवाय ओळ लांबवून गायली होती, त्यामुळे चेहरा हटता हटत नव्हता. शेवटच्या तानेला तर झोपलेल्या माणसानं जरासा जबडा हलवला, आणि ती तान जशी काही त्यानंच घेतली!

"बरोब्बर!" आक्का सवयीनं म्हणाल्या.

"अगंबाई! जावईबापू गातात?" सासूबाई हरखून गेल्या. "केवढा गोड आवाज! इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत!"

खरे डॉक्टर पुढे वाकून पडद्याकडे बघत होते. "डावीकडची खालची दाढ दाखवून घ्या," ते गंभीरपणे म्हणाले. "सिमेंट निघत आलंय."

अर्धे डॉक्टर खुर्चीत इतके खाली घसरले, की त्यांचे गुडघे डोक्याच्या वर आले. बायकोकडे बघायची हिंमत होत नव्हती. तिची सगळी मिळून एक ओळ. तीच बघायला ती आली होती. आणि त्या ओळीच्या जागी हा जबडा!

"ऐक ना," ते खालूनच पुटपुटले. "त्या दिवशी दुकानात फार गर्दी होती. उभं राहून राहून... मी सांगणारच होतो."

बायको पडद्याकडे बघत होती. नजर न वळवता ती म्हणाली, "सूर मात्र बरोबर लागलाय तुमचा."

ती रडतेय की हसतेय, ते अंधारात कळेना. विचारण्याचं धाडस त्यांच्यात नव्हतं.

उरलेलं नाटक अर्ध्या डॉक्टरांनी डोळे फाडून पाहिलं. निळी मुलगी आली आणि गेली, राजपुत्र रुसला आणि हसला, पण त्यांनी शिपायावरून नजर काढली नाही. शिपाई काही करत नव्हता, नुसता उभा होता. पण काय उभा होता! शेवटी सगळे कलाकार ओळीनं वाकायला आले. शिपायानं शिरस्त्राण काढलं, मिशी सोलून खिशात टाकली, केस मोकळे केले आणि हसत हसत वाकला. थिएटरात "अरे, ही तर बाई!" अशी कुजबूज झाली.

"ती माझी बायको!" अर्धे डॉक्टर उठून ओरडले.

कुणीही विश्वास ठेवला नाही. मघाशी याच माणसानं बायको म्हणून निळ्या मुलीकडे बोट दाखवलं होतं. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी तर आपल्या बायकोला शांतपणे पलीकडच्या खुर्चीत बसवलं.

पण अर्ध्या डॉक्टरांनी हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. बायकोनं त्यांचा कोट धरून खाली ओढलं तेव्हा ती हसत होती, एवढं त्यांना पडद्याच्या उजेडात दिसलं. त्यांचा जीव भांड्यात पडला.

बाहेर आले, तर दारापाशी हीऽऽ गर्दी! कॉलेजच्या मुलींचा एक घोळका त्यांच्याकडे बघून कुजबुजत होता. अर्ध्या डॉक्टरांनी बायकोला हळूच पुढे केलं. "बघ, ओळखलं तुला. जा, बोल त्यांच्याशी."

मुली धावत आल्या. बायकोच्या उजव्या बाजूनं निघाल्या, डाव्या बाजूनं निघाल्या, आणि अर्ध्या डॉक्टरांभोवती जमल्या.

"काका, ते तुम्हीच ना? झोपलेले?"

"एक फोटो, काका! प्लीज!"

"नाटकात बेस्ट तुम्हीच होतात!"

अर्धे डॉक्टर बायकोकडे हताशपणे बघत राहिले. एका मुलीनं आपला फोन तिच्याच हातात दिला. "मावशी, जरा आमचा काढता?"

बायकोनं फोन घेतला. दोन पावलं मागे गेली. एक डोळा बारीक करून तिनं सगळ्यांना नीट चौकटीत बसवलं. मग फोन खाली घेऊन म्हणाली, "अहो, तोंड उघडा ना. असे तुम्ही मुळीच ओळखू येत नाही."