नाना वैतींचा धाकट्या

नाना वैतींशी ओळख झाली तेव्हा माझ्या हातात मोटारीची बॅटरी होती. त्यांनीच दिलेली. डोंबिवलीतल्या बिल्डिंगमध्ये आमचं सामान उतरत होतं, तेवढ्यात शेजारच्या दारातून नाना आले, "जरा धर रे" म्हणत ते धूड माझ्या कवेत दिलं आणि निवांत चौकशी सुरू केली. गाव कुठलं, बायको नोकरी करते का, वडिलांना दमा कधीपासून. माझे हात थरथरायला लागले तेव्हा कुठे त्यांनी बॅटरी परत घेतली.

"चांगला आहेस. रिकाम्या हातांनी काय, सगळेच पैलवान. माणूस लोडवर बघायचा!"

नाना मूळचे बाळकुमच्या कोळीवाड्यातले. बाप-आजा खाडीत जाळी टाकणारे, हे मात्र कारखान्यात इलेक्ट्रिशियन झाले आणि लग्नाचं राहूनच गेलं. "किनाऱ्यावर उभी होडी सगळ्यांचीच झकास दिसते," म्हणायचे आणि पिशवीच्या बंदापासून जावयापर्यंत सगळ्यांना हीच कसोटी लावायचे. वरच्या मजल्यावरच्या शैलाला बघायला आलेल्या मुलाच्या मांडीवर यांनी एक रडकं पोर आणून ठेवलं. मुलगा पास झाला.

नानांच्या घरात दुसरा मेंबर एकच, धाकट्या. भंगारातल्या वायपरच्या मोटरींवर चालणारा, गुडघ्याएवढ्या उंचीचा, चार पायांचा रोबो. बिल्डिंगमध्ये एकच रंगीत टीव्ही होता त्या काळची ही गोष्ट! गणपतीत मंडळाच्या स्टेजवर धाकट्याने चालत जाऊन बाप्पाला हार द्यायचा, एवढीच नानांची इच्छा होती.

धाकट्या मात्र चार पावलं टाकून गुडघे टेकायचा. नुसता मीटर लावला की बॅटरी बारा व्होल्ट दाखवायची. पाय उचलला की काटा नऊवर.

"बसवून विचारलं तर बारा सांगते, काम सांगितलं की नऊ! अगदी आमच्या सुपरवायझरसारखी."

मग नानांनी टर्मिनल घासली, बारीक वायरी काढून जाड घातल्या. तरी पाय हलले की डोक्यातलं सर्किट बंद. एके दिवशी कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे, पाय आणि डोकं एकाच ताटात जेवायला बसवले मी. पाय सगळं खाऊन टाकतात!" डोक्याला वेगळे सेल दिले आणि गुरुवारी संध्याकाळी धाकट्या अख्खी गॅलरी खडखडत चालला. मागून नाना चक्क रांगत होते.

शुक्रवारी संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष बघायला येणार होते. पसंत पडलं तर ठीक, नाहीतर ती वेळ ऑर्केस्ट्राला. शुक्रवार म्हणजे आमच्याकडे लाइट जायचा वार, सकाळी गेली की संध्याकाळीच यायची. पण नानांनी आदल्या रात्रीच बॅटरी फुल्ल चार्ज केली होती. मदतीला म्हणून मी हाफ डे टाकून आलो.

आमच्या घरात शिरलो तर उकाड्याने जीव नकोसा झाला. बाबा पलंगावर झोपलेले. उशाशी ट्रकच्या केबिनमध्ये असतो तसला छोटा पंखा गरगरत होता आणि त्याची वायर खाली ठेवलेल्या धाकट्याच्या बॅटरीला जोडलेली. शेजारी स्टुलावर नाना.

"अहो नाना, संध्याकाळी अध्यक्ष..."

"हळू बोल ना रे! सकाळपासून जीव घाबरा झालेला त्यांचा. आत्ता कुठे डोळा लागलाय."

"मग धाकट्याचं काय?"

"त्याला कुठे दम लागतो?"

शुक्रवारी नानांच्या कारखान्याला सुट्टी. आम्ही दोघं कामावर गेलो की ते दर शुक्रवारी असेच बॅटरी घेऊन येऊन बसतात, हे बाबांनी मला नंतर सांगितलं.

संध्याकाळी धाकट्या तीन पावलं चालला आणि बसला. "काय नाना, बॅटरी वीक?" अध्यक्षांनी विचारलं. मी तोंड उघडणार, तोच नानांनी माझ्या पायावर पाय दिला.

"हो ना. ऐन वेळी लोड घेत नाही बघा," ते म्हणाले.

नानांनी वाकून धाकट्याला कडेवर घेतलं, त्याची पाठ थोपटली आणि घरात घेऊन गेले.