मुक्या सलूनमधली मिशी

रेडिओने वस्तरा हातात घेतला आणि तोंड मिटलं, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की या दोन गोष्टी आपण आजवर कधी एकदम केलेल्याच नाहीत.

गावाकडे त्याचं स्वतःचं दुकान होतं. 'रेडिओ' हे नाव गिऱ्हाइकांनीच ठेवलेलं. जीभ चालू झाली की हात आपोआप चालायचा. पण बायको नर्स. तिची बदली या दूरच्या मुलखात झाली आणि दुकान पुतण्याच्या हवाली करून तोही मागोमाग आला. इथली माणसं भली, पण अबोल. जिन्यात शेजारी भेटला तर मान हलवायचा आणि दार लावून घ्यायचा. बायको ड्युटीवर गेली की रेडिओ कुकरशी बोलत बसायचा.

"अहो, कुठेतरी कामाला लागा," ती एकदा हात जोडून म्हणाली, "दिवसभर साठवता आणि मी आले की माझ्या कानात ओतता. त्यापेक्षा माझे पेशंट बरे."

चौकातल्या सलूनमध्ये एक खुर्ची रिकामी होती. मालकीणबाईंनी अट घातली.

"आमच्याकडे लोक शांत बसायला येतात. गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही. आजचा दिवस बघते. एक जरी तक्रार आली, तर खुर्ची दुसऱ्याला."

"बाई, एक शब्दसुद्धा—"

"हे बघा, सुरू झालात."

पहिलंच गिऱ्हाईक आलं ते शाळेचे हेडमास्तर. मिशी अशी दांडगी की आधी ती आत शिरली आणि मागून ते. खुर्चीत बसले, मान मागे टाकली, संपलं. दुकानात फक्त पंख्याचा आवाज.

रेडिओने फेस लावला. वस्तरा गालावर टेकवला आणि हात तिथेच अडला. बोलल्याशिवाय हाताला लयच सापडेना. मग त्याने मनातल्या मनात पावसापाण्याच्या गोष्टी सुरू केल्या, तेव्हा कुठे दोन्ही गाल सुखरूप पार पडले. आता आली मिशी. ठेवायची, कापायची की काढायची? गावाकडे प्रत्येकाचं तोंड पाठ होतं. इथे विचारायचं कसं? आरशातून मालकीणबाई टक लावून बघत होत्या.

त्याने बोटांची कात्री करून आरशात दाखवली. हेडमास्तरांची मान किंचित हलली. खात्री करावी म्हणून त्याने ओठावरून बोट सपकन फिरवलं. म्हणजे काढायचीच का? मान चांगली छातीपर्यंत खाली गेली.

'मोठ्या मनाचा माणूस,' रेडिओ मनात म्हणाला आणि हनुवटी वर उचलून अर्धी मिशी उतरवली.

तेवढ्यात हेडमास्तर घोरले.

रेडिओने वस्तरा झटकन मागे घेतला. परीक्षेच्या वर्गावर नजर ठेवत बसून बसून या गृहस्थांना डोळे अर्धे उघडे ठेवून झोपायची सवय लागली होती. आणि रेडिओच्या खुर्चीत आजवर कोणी झोपलंच नव्हतं, त्याने झोपू दिलंच नव्हतं. हललेली मान म्हणजे होकार, एवढंच त्याला माहीत. शेजारच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्या कारागिराने तिकडे पाहिलं आणि हातातला कंगवा खाली पाडला.

त्या आवाजाने हेडमास्तर जागे झाले. त्यांनी आरशात पाहिलं. हात उजव्या बाजूला गेला, तिथे मिशी होती. डाव्या बाजूला गेला, तिथे नव्हती. रेडिओच्या जिभेवर शंभर वाक्यं येऊन थांबली होती.

हेडमास्तरांनी उरलेल्या मिशीकडे बोट दाखवलं आणि डोळे मिटून घेतले. रेडिओने ती उतरवली. ते उठले आणि एक अक्षर न बोलता निघून गेले.

"आता?" रेडिओने हळूच विचारलं.

"आता शाळा सुटायची वाट बघा," मालकीणबाई म्हणाल्या. "इथले लोक तोंडावर काही बोलत नाहीत. घरी जाऊन विचार करून येतात."

मग दिवसभर दार वाजलं की रेडिओ दचकायचा. उद्यापासून पुन्हा आपण आणि कुकर! त्याने दोन दाढ्या केल्या, पण मिशांच्या वाटेला गेला नाही.

शाळा सुटली. दार उघडलं. हेडमास्तर नव्हे, त्यांची बायको! हातात पिशवी, चेहरा घट्ट.

"यांची मिशी कोणी काढली?"

म्हातारा कारागीर लगबगीने कंगवे धुवायला लागला. मालकीणबाई उठून उभ्या राहिल्या.

"मी, बाई," रेडिओ म्हणाला.

त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"लग्न झाल्यापासून मागे लागलेय, ती झाडणी काढा म्हणून. चहा पितात तो आधी तिला पाजतात. इथे येताना दर वेळी मला सांगतात, 'बघतो, कारागिरांना विचारतो.' आणि तशीच घेऊन परत! सगळे कारागीर यांना भिऊन. तुम्ही एकटे निघालात हिमतीचे. आता दर आठवड्याला तुमच्याकडेच पाठवते." मग मालकीणबाईंकडे वळून त्या म्हणाल्या, "यांना सोडू नका हो."

"छे, छे! खुर्ची यांचीच आहे," मालकीणबाई घाईघाईने म्हणाल्या.

दारातून बाई पुन्हा मागे वळल्या. "फक्त एक करा. आज केलंत ना, तसंच. त्यांना विचारायचं म्हणून नाही."

'अहो, विचारलं होतं हो, चांगलं दोनदा विचारलं होतं!' हे रेडिओच्या अगदी दातांपर्यंत आलं. बोटांची कात्रीसुद्धा तयार झाली. त्याने ती पाठीमागे लपवली आणि इथल्या लोकांसारखी नुसती मान हलवली.