उमरावजींचा हातभर डोंगा

उमरावजी सुतारांना कुणी "पूर्णेला पाणी किती आहे?" असं विचारलं, की ते आधी विचारणाऱ्याच्या पायांकडे बघत. मग डोळे बारीक करून म्हणत, "कोनाच्या मानानं?"

हात, वीत, कोस ही मापं त्यांना मान्यच नव्हती. "हात कोनाचा? तुमचा का माह्या?" एक वस्तू दुसरीच्या किती पट, एवढंच ते सांगत. पाणीसुद्धा त्यांच्या लेखी सगळ्यांना एक नव्हतं. मला म्हणत, "पानी तेच हाये, पंत. पन मुंगीले ते काकवीवानी चिकटते, अन् म्हैस खुशाल चालली जाते." माझ्या बायकोनं त्यांच्याकडे पोळपाट सांगितला, तर त्यांनी मापाला पोळी मागवली. मोजून झाल्यावर खाल्ली. पोळपाट यायला वर्ष लागलं आणि तो लहान निघाला.

मला हा माणूस ठार वेडा वाटे. मी स्वतः किती शहाणा, ते पुढे दिसेलच.

अमेरिकेत लढाई पेटली आणि आमच्या कापसाचा भाव चढला, तेव्हाची ही गोष्ट. मी अकोल्याला एका सेठच्या कापसाच्या वखारीत कारकून होतो. दर्यापूरकडचा पहिला कापूस दिवाळीच्या सुमारास निघे. पण तेव्हा पूर्णेचं पाणी उतरलेलं नसे आणि गाड्या गाळात रुतून बसत. सेठना डोंगा हवा होता, गाठोडी भरून नदी ओलांडणारा. पल्याडच्या काठावरून बैलजोडीनं दोर ओढायचा, अशी योजना.

सेठनी सोळा हात लांबीचा सांगितला. उमरावजी करतो म्हणाले, आणि दाखवायला घेऊन आले हातभर लांबीचा. त्यात चिमटी-चिमटी कापसाची गाठोडीसुद्धा भरली होती.

गावतळ्यावर सेठ आले, निम्मी वखार आली. बैलांच्या जागी डोंग्याचा दोरा ओढायचं काम मी मागून घेतलं. बैलाच्या चालीनं चालायचं होतं, आणि ती चाल मला उपजतच आहे असं घरात म्हणतात. मी काठानं निघालो.

"हळू, पंत," उमरावजी म्हणाले.

"किती हळू?"

"त्याच्या अंगाच्या मानानं."

झालं. माझं डोकं फिरलं. अशा उत्तराला काय करायचं? मी होतो त्याच चालीनं गेलो. डोंग्याच्या नाकाशी लाट उभी राहिली, नाक खाली गेलं आणि गाठोड्यांसकट सगळं बुडालं. लोक खदाखदा हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी.

"पोरखेळ," सेठ म्हणाले आणि निघून गेले.

संध्याकाळी डोंगा परत द्यायला मी उमरावजींकडे गेलो. खरं सांगायचं तर आणखी थोडं हसून घ्यायला गेलो होतो.

"कापसासाठी एवढा जीव टाकता?" मी विचारलं.

"कापसाले काय जाळाचं हाये?" ते रंधा पुसत म्हणाले. "पल्याड लेक देल्ली. मागच्या आखाडात बाळंत झाली. मी इकडच्या काठावर. पूर काही उतरेना. सव्वा महिन्यानं गेलो, तं नातीनं बोट धरून ठेवलं माह्यं. सुटतच नव्हतं. आता पुन्हा आखाड येईन."

मला हसायचं होतं ते राहून गेलं.

सकाळी सेठपुढे उभा राहिलो. "डोंगा बुडाला नाही, मी बुडवला," म्हणालो. सेठनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ही गोष्ट त्यांना सहज पटली.

पुन्हा तळं, पुन्हा तेच लोक. उमरावजींनी मला समजावलं, "लाट पाहा, पंत. मोठ्या डोंग्याच्या नाकाशी जशी उठीन, तशीच याच्या नाकाशी उठली पायजे, ज्याच्या त्याच्या अंगाच्या मानानं. सोळा पट लहान केला, तं चाल चौथाई. कैक वर्सं ओढून पाह्यलं म्या. बैल चार पावलं टाकीन, तेवढ्यात तुमी एक टाका."

मी एक पाऊल टाकलं. थांबल्यासारखा झालो. दुसरं टाकलं. इतक्या लोकांसमोर इतकं हळू मी लग्नातसुद्धा चाललो नव्हतो. "पंताले लकवा मारला का?" मागून कुणीतरी विचारलं. पण डोंगा नाक वर ठेवून, एक थेंबही आत न घेता, पल्याडच्या कोपऱ्याला लागला.

"कर," सेठ म्हणाले. "लाकडाचे पैसे वखारीतून घेऊन जा."

उमरावजी हललेच नाहीत. "सेठ, पावसाळ्यात कापूस नसते. तवा डोंगा कोनाकडं राहीन?"

"मले काय करायचा? तुह्याकडंच ठेव."

उमरावजी खाली बसले आणि डोंग्याचा दोरा सोडू लागले. गाठ साधीच होती, मीच मारलेली. पण ती सुटायला त्यांना फार वेळ लागला.