पिंपातला झेंडू

एखादी गोष्ट एकदा सोपी झाली, की तिच्या वाटेला पुन्हा कुणी जात नाही. जगातल्या बहुतेक अवघड गोष्टी या अशाच, कुणीतरी आधी सोप्या करून ठेवलेल्या असतात.

नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या कंपनीत हे कार्य मुख्य प्रोग्रामर आल्हाद सरांच्या हातून घडलं. मी तिथे चाचणी विभाग आहे (माणूस एकच असल्याने विभाग आणि मी यांत फरक करता येत नाही). आम्ही एक साइट चालवतो. आसपासचे भाजी आणि फुलं पिकवणारे शेतकरी तिच्यावर आपला माल नोंदवतात आणि शहरातली माणसं तो घरबसल्या मागवतात.

आता, साइट लिहिताना सगळं कुणी स्वतः लिहीत नाही. तारीख दाखवणारा तुकडा, नकाशा दाखवणारा तुकडा, बिल करणारा तुकडा असे तयार तुकडे मागवून घेतात. याला इंपोर्ट म्हणतात. कुठल्या पानाला काय काय लागतं, त्याच्या ओळी पानाच्या डोक्यावर लिहाव्या लागतात. काही पानांवर या ओळी दहाबारा होत. आल्हाद सरांना ते दृश्य बघवेना. त्यांनी कंपनीतले झाडून सगळे तुकडे एका फाइलीत ओतले आणि यापुढे प्रत्येकाने एकच ओळ लिहावी असं फर्मान काढलं. त्या फाइलीचं नाव पडलं पिंप. काय हवं ते पिंपातून घ्या. वार्षिक समारंभात सरांना सुलभता सन्मान मिळाला (शाल, श्रीफळ आणि तांब्याचं छोटं पिंप).

पिंपात हात घातला की हवी ती वस्तू मिळे, हे खरं आहे. फक्त त्याआधी पिंप तळापर्यंत उपसावं लागे. पानाला नुसती तारीख हवी असली, तरी नकाशा, बिल, द्राक्षांच्या प्रतवारीचं कोष्टक आणि कुठल्याशा दिवाळीला हौसेने बनवलेले उडते आकाशकंदील हे सारं बाहेर निघे, तपासलं जाई आणि आत जाई.

हा उपसा होतो तो बिल्डच्या वेळी. लिहिलेलं सगळं गोळा करून लोकांच्या फोनवर उघडेल असं गाठोडं बांधणं म्हणजे बिल्ड. ते बांधून झाल्याखेरीज साइटवर एक अक्षरही बदलत नाही. पिंपापूर्वी बिल्ड एका चहात उरकायचं. पिंपानंतर त्यात जेवण आणि शतपावली बसू लागली.

बिल्ड चालू असताना कामाला हात लावायचा नाही, असा नियम होता. याने कंपनीचं सामाजिक आरोग्य फार सुधारलं. सत्तावीस टक्के कर्मचारी बुद्धिबळ शिकले, उरलेले त्र्याहत्तर टक्के त्यांना मागे उभं राहून चाली सांगू लागले. दोन लग्नं जमली (एक टिकून आहे). मनुष्यबळ विभागाच्या योगिनी मॅडम ‘बिल्ड लावलंय’ हे कारण आजारपणाच्या बरोबरीने मान्य करत. आजारपणाला निदान दाखला लागायचा.

अशा सुखी घरात यशश्री आली. कॉलेज संपवून दोन वर्षं पुण्यात काम केलेली, घर नाशिकलाच, म्हणून परत आलेली. पहिल्याच आठवड्यात तिने आल्हाद सरांना विचारलं, की तारीख दाखवायला आकाशकंदील कशाला लागतात. सर रागावले नाहीत. ते सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी समजावून सांगितलं, की लागत नाहीत, पण ते येतात, आणि हेच यातलं सोपेपण आहे. प्रत्येक पानाने आपल्याला हवा तोच तुकडा थेट मागवावा, असं तिने सुचवलं. त्यावर ओळी वाढतील, असं सरांनी दाखवून दिलं. तरीही तिचा मान राखून एक समिती नेमली. समितीच्या बैठका बिल्ड चालू असताना होत, त्यामुळे बिल्ड लवकर व्हावं असं समितीत कुणालाच तातडीने वाटलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत असंच चाललं होतं.

मखमलाबादच्या पुढे सुवर्णाताई आणि त्यांचा नवरा जीवन यांचं झेंडूचं रान आहे. त्या वर्षी आमच्याच माणसांनी त्यांना गळ घातली होती, की सगळा माल साइटवर लावा, मधला व्यापारी हवा कशाला. त्यांनी नेहमीच्या व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं. पहाटे तोड झाली, टेम्पो भरला, आणि साइटवर त्यांच्या नावापुढे आलं, ‘माल संपला’.

चूक आमचीच होती. त्याच्या एक दिवस आधी कुणीतरी एक अट उलटी लिहिली होती: ज्यांच्याकडे माल आहे त्यांचा संपला, आणि ज्यांचा संपला त्यांच्याकडे आहे. (चाचणी विभागाने ती का पकडली नाही, तर चाचणी विभागाचा त्या दिवशी पटावर घोडा अडकला होता.) यशश्रीला चूक लगेच सापडली. एक शब्द बदलायचा होता. तिने तो बदलला आणि बिल्ड लावलं.

बिल्ड दुपारच्या डब्यापर्यंत चाललं आणि शेवटच्या टप्प्यावर कोसळलं. सणासाठी पिंपात तोरणं आणि आपट्याची पानं घातली होती, त्यांनी यंत्राची जागा संपली. आल्हाद सरांनी शांतपणे ते पुन्हा लावलं.

त्या सुमारास सुवर्णाताई जिना चढून वर आल्या. टेम्पो खाली उभा होता.

“साहेब, फुलं खाली टेम्पोत हायेत,” त्या म्हणाल्या. “तुमच्या फोनात संपली कशी?”

सरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, की फुलं संपलेली नाहीत, फक्त तसा शब्द आला आहे. शब्दही दुरुस्त झाला आहे. आता फक्त ती दुरुस्ती बांधून व्हायची आहे.

“मग दिसंल कवा?”

“बिल्ड झालं की.”

त्यांनी हे ऐकून घेतलं. मग आमच्या कूलरमधून बादलीभर पाणी मागून घेतलं, खाली जाऊन फुलांवर शिंपडलं आणि परत येऊन बसल्या. ऊन सरळ टेम्पोवर येत होतं. जीवन ताडपत्री इकडची तिकडे ओढत होता, ते खिडकीतून दिसत होतं. बुद्धिबळाचा पट कुणीतरी उचलून कपाटात ठेवला.

“उद्या दुपारनंतर या फुलाला कोण इचारतं,” सुवर्णाताई म्हणाल्या. त्या कुणाला उद्देशून बोलत नव्हत्या. “ह्या एका दिवसासाठी रान केलं.”

यशश्री उठली आणि चालू बिल्ड तिने थांबवलं. असं पूर्वी कुणी केलं नव्हतं. तिने एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो प्रत्येक पानावरची पिंपाची ओळ खोडून तिथे हव्या त्या तुकड्यांचे थेट पत्ते लिहीत गेला. ओळी वाढल्या, सरांचं म्हणणं खरं ठरलं. काही पत्ते चुकले, ते तिने हाताने सुधारले. समितीतलं कुणी तिच्या मागे जाऊन चाली सांगत नव्हतं. मग तिने बिल्ड लावलं. आम्ही सवयीने चहाला उठलो आणि दारापर्यंत पोहोचायच्या आत ते झालं होतं.

आमचे मालक चिंतामण सर यांना वाटलं, पुन्हा कोसळलं. यशश्रीने सुवर्णाताईंच्याच फोनवर साइट उघडून दाखवली. माल शिल्लक होता. ऑर्डरी येऊ लागल्या.

पण तोवर निम्म्या शहराने झेंडू बाजारातून आणला होता. अर्धा टेम्पो गेला. उरलेला जीवनने दसऱ्याला सकाळी पंचवटीत रस्त्याकडेला उभं राहून मिळेल त्या भावाने काढला. सुवर्णाताईंनी साइटवरून नाव काढायला सांगितलं.

“तू लय धडपडलीस बाई,” त्या यशश्रीला म्हणाल्या. “पण पुढच्या साली मी व्यापाऱ्यालाच देईन. तो नाय म्हणायचं तर तोंडावर तरी म्हणतो.”

सणानंतर रीतसर चौकशी झाली. बिल्ड इतकं लांबलं कसं याची नव्हे, तर ते इतकं लवकर झालं कसं, याची. एवढ्या लवकर झालं म्हणजे काहीतरी राहून गेलं असणार, असा बहुमताचा कौल होता, आणि आकाशकंदील राहून गेल्याचं निष्पन्नही झालं. योगिनी मॅडमच्या पाहणीत कर्मचाऱ्यांचा कामाचा ताण एकशेचाळीस टक्क्यांनी वाढलेला आढळला, कारण आधी तो नव्हता. तरी चिंतामण सरांनी नवी पद्धत कायम ठेवली. यंत्रं कमी लागत होती.

खरी अडचण पुढेच आली. गाठोडं हलकं झाल्याने साइट लोकांच्या फोनवरही भराभर चालू लागली. बटण दाबताच ऑर्डर नक्की होऊ लागली. आणि तक्रारी सुरू झाल्या. इतक्या पटकन कशी झाली? तुम्ही नीट बघितली का? ही फसवणूक तर नाही? गिऱ्हाइकं साइटला देतात ते आमचे तारे घसरले.

चिंतामण सरांनी यशश्रीला बोलावून नवं काम दिलं. ऑर्डर दिल्यावर पडद्यावर एक चाक फिरावं आणि खाली अक्षरं यावीत, ‘आपल्यासाठी ताजा माल निवडत आहोत.’

“सर, चाकामागे काहीच चाललेलं नसेल,” ती म्हणाली.

“म्हणूनच ते कधी कोसळणार नाही,” सर म्हणाले.

तिने चाक बनवून दिलं. सुरेख बनवलं, एक तुकडाही जादा न मागवता. मग राजीनामा दिला. निरोप समारंभात आल्हाद सरांनी मनापासून तिचं कौतुक केलं. ती पेढे वाटून निघून गेली.

तक्रारी थांबल्या. गेल्या आठवड्यात तुम्ही मेथी मागवलीत, तेव्हा ते चाक तुमच्यासमोर फिरलं. तुम्ही फोन खाली ठेवला नाहीत. घरात कुणालातरी सांगितलंत, “थांब, निवडतायत.” आणि पाच तारे दिलेत. शिवाय खाली सूचनेच्या जागी लिहिलंत, की घाई करू नका, सावकाश निवडलं तरी चालेल.

सूचनेची नोंद घेतली आहे. पुढच्या वेळी चाक जरा जास्त फिरेल.