उर्फमुक्त वंशावळ

पनवेलजवळच्या एका गावातल्या घरत कुळाने यंदाच्या कुलमेळाव्यात आपली वंशावळ समाजमंदिराच्या भिंतीवर लावायचा ठराव एकमताने केला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग समितीच्या अध्यक्षपदी कमलाकर घरत यांना बसवलं. कमलाकर नुकतेच एका सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी त्यांनी एकाच शेऱ्यावर काढली होती : ‘नावात तफावत. सबब परत.’ रामचंद्रचा रामा झाला, अर्ज परत. आडनावात एक काना कमी पडला, अर्ज परत. लोक शिव्या घालत जिना उतरायचे आणि कमलाकरांना ते आपल्या चोख कामाचं प्रशस्तिपत्र वाटायचं.

घराघरांतून पूर्वजांची नावं येऊ लागली, तशी अध्यक्षांनी ती चष्मा पुसून पुन्हा पुन्हा वाचली. दगडू. चिंधी. धोंड्या. मुलं जगत नसली की पुढच्याला असं टाकाऊ नाव ठेवायचं, म्हणजे यमाची नजर त्याच्यावर पडत नाही, अशी जुनी रीत. यम फसला की नाही कुणास ठाऊक, वंशज मात्र चांगलेच फसले. कारण मेळाव्याला कमलाकरांच्या मुलीचे, दीपिकेचे, होणारे सासरे खारघरच्या टॉवरमधून खाली उतरून येणार होते, आणि वंशावळीच्या बुंध्याशी, खुद्द कमलाकरांच्या आजोबांच्या जागी, नाव होतं उकिरड्या.

या नावाशी कमलाकरांचं आणखीही एक जुनं वैर होतं. पण तो विषय समितीच्या कार्यकक्षेबाहेरचा होता.

त्यांनी नियम केला. वंशावळीत नाव लागायचं, तर त्याच नावाने बारसं झाल्याचं दोन साक्षीदारांनी समक्ष येऊन सांगावं. साक्षीदार बारशाला स्वतः हजर असलेले असावेत. ते हयातही असावेत. ‘उर्फ’ लावून पळवाट काढता येणार नाही.

दुसऱ्याच दिवशी जनीआत्या काठी टेकत आली. कमलाकरांची सख्खी आत्या, उकिरड्याची लेक, नव्वदीला टेकलेली. तिला वाचता येत नव्हतं, तरी डोळे मिटायच्या आत बापाचं नाव भिंतीवर बघायचं होतं.

“माज्या बाचा नाव लावतोस ना रं?”

“आत्या, साक्षीदार लागतात. आजोबांच्या बारशाला गेलेले.”

“त्या बारशाला गेलेली मानसा आता वर हायेत. तिकडं जाऊन विचार.”

“मग उत्तमराव लावू? भिंतीवर शोभेल.”

“उत्तमराव कोन? त्याच्या खांद्यावर मी कदी बसले नाय.” आत्याने काठी आपटली. “माज्या आजीची चार पोरा गेली. पाचव्याला उकिरड्यावर ठेवला, शेजारनीनी उचलून आनला, तवा तो जगला. त्याचा फोटू नाय. घर गेला, जमीन गेली. एक नाव हाय, ता बी तू घे.”

कमलाकरांना वाईट वाटलं. पण वाईट वाटणं हा पुरावा होत नाही, हे ते आयुष्यभर लोकांना ऐकवत आले होते. आत्या काठी टेकत परत गेली.

उकिरड्या गेला म्हटल्यावर चिंधीच्या पणतूने हरकत घेतली, “मग दगडू कसा राहिला?” दगडू गेला. दगडूच्या माणसांनी मागे लागून चिंधीला घालवलं. पूर्वज गेले तशी त्यांची मुलं अधांतरी लटकली. बापच सिद्ध नाही, तर मुलगा कुठून सिद्ध होणार? मुलं गेली, नातवंडंही गेली. जो तो दुसऱ्याचा आजा उपटण्यात इतका रमला, की स्वतःचा कधी गेला ते कुणाला कळलंच नाही.

दीपिका संगणकावर झाड काढत होती. ती म्हणाली, “बाबा, आता फक्त तुम्ही उरलात. हे झाड नाहीये, झेंड्याचा खांब झालाय. आणि तुमचे साक्षीदार कुठायत?”

“अध्यक्षांचं नाव पदसिद्ध असतं,” कमलाकर गंभीरपणे म्हणाले.

मेळाव्याच्या दिवशी मंडप भरला. खारघरचे व्याही सूट घालून पहिल्या रांगेत बसले. पडदा सरकला. भिंतभर फांद्या पसरलेलं हिरवंगार झाड आणि त्यावर एकच नाव. लोकांनी रीतीप्रमाणे टाळ्या वाजवल्या.

“काय लिवलाय गं?” जनीआत्याने विचारलं.

“कमलाकर,” दीपिकेने वाचलं.

“ता नाव मास्तरांनी दिलेला, शाळेत घालताना!” आत्या उठली. “याच्या आदीची दोन पोरा गेली, म्हनून याला बी उकिरड्यावर ठेवला. बारशाला आज्याचाच नाव दिला. कुंची मी घातली, पालना सोनाबाईनी हालवला. काय गं सोनाबाई?”

“हाय तर!” शेजारून कमलाकरांची चुलती सोनाबाई कडाडली. “उकिरड्याच ठेवला. आमी दोगी अजून जित्या हाव!”

दोन साक्षीदार, समक्ष, हयात. सगळं कुळ अध्यक्षांकडे बघू लागलं. कमलाकरांनी सुटकेसाठी डोकं खूप खाजवलं, पण नोकरीभर एकच शेरा वापरलेला. तोच तोंडातून बाहेर पडला. “नावात तफावत.”

दीपिकेने मार्कर घेतला आणि मोठ्याने वाचत तिथल्या तिथे दुरुस्ती केली. घरत कुळात नियमाने सिद्ध झालेलं एकमेव नाव भिंतीवर लागलं : उकिरड्या.

जनीआत्या हळूहळू भिंतीपाशी गेली. अक्षरांवरून हात फिरवत म्हणाली, “बा.” कमलाकरांना रडू आलं, आणि या वेळी ते त्यांना थांबवताही आलं नाही.

आता लग्न मोडतंय, असं धरूनच ते व्याह्यांसमोर जाऊन उभे राहिले. व्याह्यांनी त्यांना खांबाआड नेलं. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, “आमच्या आजोबांना केरू म्हणायचे. पत्रिकेत किरणराव छापतोय. कुठं बोलू नका.”

घरत मंडळींचं तुम्हाला हसू आलं असेल. येऊ द्या. हसून झालं की तुमच्या पणजीचं नाव तेवढं सांगा. साक्षीदार नकोत. बारशाचं राहू दे, घरात हाक मारायचे ते सांगा.

उर्फ चालेल.