बटणवाला दिगूभाऊ

पिंप्राळ्यात आमच्या शेजारी राहणारा दिगूभाऊ शिलाई मशीन, टाइपरायटर, पिठाची गिरणी असले आवाज टेप करून त्यांची गाणी करायचा. पोटापाण्याला लग्नात की-बोर्ड वाजवायचा, तेही सुखासुखी नाही. पहूरला एका हळदीत बायका नाचायला उभ्या राहिल्या आणि या बहाद्दराने लावलं काय? मिलचा भोंगा! त्यावर खटाक-खटाक ताल आणि स्वतःचा घोगरा आवाज, "साहेब दाबे बटण, आमचं निघे दळण!" नवरदेवाचा मामा नेमका कचेरीतला साहेब. जेवणाआधीच आमची पाठवणी झाली. मी नुसता पेटी उचलायला गेलो होतो हो, मलाही उपाशी आणलं.

"भाऊ, बटण कोणाच्या हातात शे, ते बघा," हे त्याचं पालुपद. गल्लीत पहिला रंगीत टीव्ही आला तेव्हा सगळे पेढे खात होते, आणि हा मागे जाऊन वायर कुठे जाते ते बघत होता. कचेरीत कॉम्प्युटर आला, की याची नवी कॅसेट तयार. विकत कोणी घेईना, म्हणून मला जबरदस्तीने द्यायचा.

या रागाचं मूळ धुळ्यात होतं. त्याच्या वडिलांनी, आबांनी, तिथल्या मिलमध्ये उभी हयात साचे चालवले. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. त्या खडखडाटात आबांचे दोन्ही कान गेले, मग मिलही बंद पडली. दिगूभाऊ म्हणायचा, "जगाने नाही ऐकलं तरी चालेल. आबांनी माझं एक गाणं ऐकलं ना, बस." बहिऱ्या माणसाला गाणं ऐकवणार! मी हसलो होतो. आता त्याचं वाईट वाटतं.

एका रविवारी तो मला घेऊन एसटीने धुळ्याला निघाला, मांडीवर भलामोठा स्पीकर. त्याला युक्ती सुचली होती. घरी पोचताच त्याने कॅसेट लावली आणि आबांचा तळहात स्पीकरवर ठेवला. गाण्यात यंत्राला अशा शिव्या होत्या, की मीच खाली बघितलं.

आबांना शब्द कुठले कळणार? हाताला खटाक-खटाक तेवढं लागलं आणि म्हातारा खुलला. "हाऊ मना साचा शे, दिगू! मना साचा!" म्हणजे हा माझाच साचा.

दिगूभाऊच्या तोंडाकडे बघवेना. ज्या यंत्राला याने इतकी वर्षं शिव्या घातल्या, बापाचा जीव त्याच्यावरच. त्याने आवाज आणखी वाढवला.

आबांची आठवण हल्ली दगा द्यायची. हात तसाच ठेवून ते खोलीभर बघू लागले. "एकच साचा चालू शे? बठ्ठा कोठे गयात?" बाकीचे सगळे कामगार कुठे गेले, हे ते विचारत होते.

मिलच्या गोंगाटात माणसं एकमेकांशी खुणांनीच बोलत. दिगूभाऊ त्या खुणा लहानपणीच शिकला होता. साहेब असो, सरकार असो, तोंडावर सुनावणारा हा माणूस बापापुढे उभा राहिला आणि पाची बोटं जुळवून त्याने ओठांपाशी नेली. जेवायला गेलेत.

"येतीन मंग," आबा म्हणाले, आणि वाट बघत बसले.